अमेरिकेचा पेपर आणि मलकापूरमामा

मी अमेरिकेचा इतिहास का घेतला, असं मला आजवर शंभर जणांनी तरी विचारलं असेल, आणि प्रत्येकाला मी काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. आता वय झालं, खोटं बोलायचाही कंटाळा येतो, म्हणून खरं सांगून टाकते. कोल्हापुरात एम.ए.ला दोन पेपरांतून एक निवडायचा होता. एकाचा तास चारला सुटायचा आणि अमेरिकेच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाचा दोनला. दोनला सुटलं की स्टँडवर पळत जाऊन हातकणंगल्याची एसटी गाठता यायची, तिथून पुढं दीड मैल चालून दिवस बुडायच्या आत घरी पोचता यायचं. आमच्यात दिवस बुडाला की जेवण बंद. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात जायचा नाही. चारचा तास घेतला असता तर मी दोन वर्षं उपाशी झोपले असते. तेव्हा मी अमेरिका शिकले ती भाकरीसाठी, आणि त्यात लाजायचं ते काय?

आमचं घर गावाच्या कडेला आणि घराला लागूनच गुऱ्हाळ. दिवाळी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, उसाच्या चरकाच्या इंजिनाला नारळ फोडायचे आणि तिथून होळीपर्यंत ते इंजिन आमच्या कानात बसलेलं असायचं. भांडी हलायची, फळीवरचे डबे आपले आपण पुढं सरकायचे. अक्का (आईला आम्ही सगळे अक्काच म्हणायचो) रोज सकाळी ते डबे मागं ढकलायची. आप्पांचा नेम असा, की सकाळी चालू केलेलं इंजिन त्या दिवसाचा ऊस संपल्याशिवाय बंद करायचं नाही. पावणं येऊ देत, तहसीलदार येऊ देत, इंजिन चालूच. माझ्या धाकट्या आत्याची सोयरीक त्या इंजिनाशेजारी ठरली. दोन्हीकडची माणसं नरड्याच्या शिरा ताणून बोलत होती, आणि गावाला वाटलं, मोडली वाटतं. त्यामुळं आम्ही सगळी भावंडं मोठ्यानं बोलणारी. विद्यापीठात पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीनं मला विचारलं, "तू रागावलीस का गं?" मी तिला फक्त वेळ विचारली होती!

आणि वास! तो मात्र सांगून कळायचा नाही. उकळता रस, जळकी चिपाडं, ओली माती. अंगाला, केसांना, वहीच्या पानांनासुद्धा तो वास लागायचा. एसटीत माझ्या शेजारी बसलेली बाई हमखास विचारायची, "गुऱ्हाळ हाय काय गं तुमचं?" घरी गेल्यावर अक्का ताटात ज्वारीची भाकरी वाढायची, भाकरीवर काकवी आणि काकवीवर तुपाची धार. काकवी म्हणजे गूळ होण्याच्या आधीचा दाट पाक, मधासारखा. पश्चिमेकडं एक डोळा ठेवून मी जेवायची. आज माझ्या फ्रीजमध्ये काकवीची बाटली आहे, वर लेबल आहे, चव आहेही आणि नाहीही. मधुमेहामुळं डॉक्टरांनी ती बंद केलीय, म्हणून मी रोज फक्त बाटलीचं झाकण उघडून वास घेते. कुणाला सांगू नका.

गुऱ्हाळावर राजा एकच, गुळव्या. रस उकळायची ती भलीमोठी पसरट कढई असते ना, काहील, तिच्यापाशी उभं राहून गूळ करणारा माणूस. आमचा गुळव्या दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातल्याच मलकापूरकडनं यायचा, म्हणून आप्पा त्याला 'मलकापूरवाला' म्हणायचे आणि आम्ही पोरं 'मलकापूरमामा'. काटकुळा माणूस, वाफेनं एक डोळा कायम अर्धा मिटलेला, डोक्याला पंचा. रस उकळून वर यायला लागला की मळी, म्हणजे वरचा मळकट फेस, काढायची, ढवळायचं, आणि मग एक क्षण असा यायचा की सगळं गुऱ्हाळ गप्प. मामा फावड्यावरचा थेंबभर पाक पाण्यात सोडायचा, बोटांत धरून त्याची गोळी करायचा आणि ती काहिलीच्या काठावर मारायचा. कान जवळ नेऊन ऐकायचा. 'टक्' असा कोरडा आवाज आला की ओरडायचा, "आला पाक! उतरा!" त्या धडधडाटात त्याला एवढीशी गोळी कशी ऐकू यायची देव जाणे. एक क्षण आधी उतरवला तर गूळ पिचपिचा, एक क्षण उशीर झाला तर काळा. आप्पा गावात कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत, पण त्या क्षणी तेसुद्धा ताटकळत उभे असायचे. तो गूळ कोल्हापूरच्या बाजारात गेला की व्यापारी रंग बघूनच म्हणायचे, "पाटलांचा माल आला." आणि आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे.

आता बाईंकडं वळते. अमेरिका शिकवायच्या त्या इनामदार बाई. ठेंगण्या, सुती पातळ, हातात पुरुषी काळी छत्री. ती छत्री पाऊस नसतानाही असायची, कारण नकाशा दाखवायला काठी म्हणून ती वापरायच्या. बाईंच्या इतकी कुणाची छाप माझ्यावर पडली नाही, आणि हे मी त्या असताना त्यांना कधी सांगितलं नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्याच तासाला एका आगाऊ मुलानं विचारलं, "बाई, तुम्ही अमेरिकेला जाऊन आलाय काय?" बाई म्हणाल्या, "नाही बाबा. शेजारच्या वर्गात मोगल दरबार शिकवणारे सर आहेत, ते दरबारात जाऊन आलेत का विचारून ये." मग त्यांनी खडूनं फळ्यावर मिसिसिपी नदी काढली, वरपासून खालपर्यंत, एका दमात, पुस्तकात न बघता, आणि म्हणाल्या, "ही ओळखीची करून घ्या. पंचगंगेसारखी. हिच्या काठानं माणसं काय पिकवायची, काय खायची आणि कुणाला राबवायची, एवढंच आपल्याला दोन वर्षं बघायचंय."

बाईंची शिकवायची एकच रीत. त्या विचारायच्या, "कोणी?" बस्स. कुणी उठून सांगितलं की अमेरिकेत लोहमार्ग टाकला गेला, की बाई छत्री टेकवून विचारायच्या, "कोणी टाकला?" कुणी म्हणालं की पश्चिमेकडची जमीन वसाहतीसाठी वाटण्यात आली, की लगेच, "कोणी वाटली? आणि त्याआधी होती कोणाची?" आमच्या वह्या परत यायच्या तेव्हा समासात तांबड्या शाईनं जागोजाग 'कोणी?' 'कोणी?' लिहिलेलं. तास सुरू व्हायच्या आधी एखाद्याला उभं करून विचारायच्या, "आज सकाळी तुझ्या घरी काय शिजलं? कोणी शिजवलं? सरपण कोणी आणलं?" आम्ही हसायचो. मग हळूहळू हसणं बंद झालं. कापूस, रेल्वे, मंदी, संप, सगळ्यांत मला माणसं दिसायला लागली. मी तर वेडीच झाले त्या विषयानं. इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश आणि मी. एसटीत, चिपाडाच्या ढिगावर, न्हाणीच्या पायरीवर, जिथं जागा मिळेल तिथं वाचत बसायची. अक्का म्हणायची, "ह्या पोरीला अमेरिकेचं वारं लागलंय."

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक चाळताना मला लुइझियाना सापडलं. मिसिसिपीच्या अगदी खालच्या टोकाचा उसाचा मुलूख. गुलामगिरीच्या काळात तिथं उसाचे मळे होते, मळ्यात चरक, चरकाशेजारी भट्टी, आणि भट्टीवर ओळीनं ठेवलेल्या लोखंडी काहिली! मी खुर्चीत ताठ बसले. रस एका काहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आटत आटत जायचा. आणि शेवटच्या काहिलीपाशी कोण, तर पाक आला की नाही हे ओळखणारा माणूस. पुष्कळदा तो माणूस गुलाम असायचा. पुस्तकात त्याच्यावर पाच-सहा ओळी होत्या. मला वाटलं, अरे, ह्याला तर मी ओळखते! मी जन्मल्यापासून ह्याला बघतेय.

बाईंना विषय सांगितला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या घरी गुऱ्हाळ आहे म्हणून?" मी व्हय म्हणाले. "मग घे. पण तुझं गुऱ्हाळ तिकडं नेऊ नकोस."

हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि सोडून दिलं. तरुणपणी माणूस मान फार डोलावतं.

त्या वर्षी माझं सगळं त्या प्रबंधावर अडकलेलं होतं. अक्काच्या भावानं सांगलीकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं, मुलगा शेती बघणारा, चांगला होता. आप्पा म्हणाले होते, "एम.ए. पुरं कर. त्याच्याम्होरं शिकायचं का लगीन करायचं, ते मी ठरवणार." बाईंनी मात्र माझ्यासाठी पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. मी आणखी शिकायचं आणि शिकवायला लागायचं. प्रबंधावर बाईंची सही झाली आणि आप्पांनी व्हय म्हटलं तर माझं शिक्षण पुढं सुरू, दोन्हींतलं एक जरी हुकलं तरी सांगली. इतकं ते सरळ होतं.

मी एका महिन्यात मसुदा लिहून काढला, तोही चिपाडाच्या ढिगावर बसून, समोर आमची काहील आणि मनात लुइझियानाची. काय सुचत होतं म्हणून सांगू! गोळीचा आवाज लिहिला, मळी कशी फुटते ते लिहिलं, पाक येताना रंग कसा बदलतो ते लिहिलं. पुस्तकातल्या पाच-सहा ओळींची मी सतरा पानं केली. आणि एका जागी फार पोटतिडकीनं लिहिलं की त्या मळ्यांच्या याद्यांत ह्या माणसांची नावं अर्धीमुर्धी असत, एक हाक मारायचं नाव आणि पुढं काम. ज्या मालकाची साखर ह्यांच्या हातानं होई, त्याला ह्यांचं पूर्ण नाव ठाऊक नसे, केवढा हा अन्याय! लिहून झाल्यावर माझे मलाच डोळे भरून आले. बाई आता पाठ थोपटणार अशी माझी खात्री होती.

बाईंनी आठ दिवसांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत पंखा करकरत होता आणि माझा मसुदा टेबलावर उघडा होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं. "हंगाम संपला की साखर करणारा आपल्या गावी परत जाई."

"कुठल्या गावी, पद्मा?"

आमच्याकडं होळीच्या सुमारास हंगाम संपला की मलकापूरमामाला टोपी-उपरणं आणि गुळाची सगळ्यात देखणी ढेप देऊन एसटीत बसवायचे. अक्का वाटेसाठी भाकरी बांधून द्यायची. गुळव्या म्हटला की तो हंगामानंतर गावी जाणारच, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं, की मी लुइझियानाच्या गुलामालासुद्धा होळीला गावी पाठवून दिला होता!

"दोन वर्षं गुलामगिरी शिकलीस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "ज्याला आईपासून तोडून विकलाय, ज्याला मळ्याच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याला तू रजेवर पाठवलंस. त्याला गाव असतं तर तो गुलाम कशाला झाला असता?"

मला रडूच कोसळलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, रडू दिलं आणि मग पानं उलटून म्हणाल्या, "आता हे. गोळीचा आवाज, पाकाचा रंग. असं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. फार सुरेख आहे. हे कोणी सांगितलं तुला?"

"आमच्या गुळव्यानं, बाई."

"नाव काय त्यांचं?"

"मलकापूरमामा."

"पूर्ण नाव?"

ते मला ठाऊकच नव्हतं. बाईंनी ते पोटतिडकीचं पान काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि समासात तांबड्या शाईनं एकच शब्द लिहिला. कुठला ते सांगायला नको. मग पेनाला टोपण लावलं. "ज्याचं ज्ञान घेतलंस त्याचं नाव ह्यात येत नाही तोवर मी सही करणार नाही. आणि रविवारी मी येते तुमच्याकडं. मला ती गोळी ऐकायचीय."

आणि आल्या की! हातकणंगल्याला उतरून, छत्री घेऊन, दीड मैल चालत. अक्काची धांदल उडाली. आप्पांनी चरकाजवळ खुर्ची टाकली, इंजिन अर्थातच चालू. बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. काहिलीपाशी उलट्या टोपलीवर बसल्या आणि तीन वेळा गोळी ऐकली. तिसऱ्या वेळी मामानं ओरडायच्या आधी त्याच ओरडल्या, "आला!" मामानं मान हलवली, "न्हाय अजून. घाई करतासा तुम्ही, पावणं." आणि दोन श्वास थांबून त्यानं पाक उतरवला. बाई इतक्या खुश झाल्या की बोलायची सोय नाही. उसाच्या पानावर गरम गूळ घेऊन शेंगदाण्यांबरोबर खाल्ला, बोटं चाटली, आणि मग माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी काहिलीजवळ गेले. "मामा, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"आं?" इंजिनाच्या धडधडाटात त्याला ऐकू आलं नाही.

"नाव! पूर्ण नाव!"

मामाचा चेहराच बदलला. हातातलं फावडं थांबलं. "का? काय झालं? सरकारी काय हाय का?"

"न्हाय मामा. पुस्तकात घालायचंय. तुम्ही शिकवलं ते लिवलंय मी."

त्यानं माझ्याकडं, मग बाईंकडं बघितलं. मग पंच्यानं तोंड पुसून, शाळेत उभं केल्यासारखा ताठ होऊन म्हणाला, "दौलू भैरू पोवार. आणि मी मलकापूरचा न्हायच की. मलकापूरपास्नं दोन कोस आत डोंगरात आमची वाडी हाय. पांदीनं जावं लागतंय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?"

"कुणी इचारलंच न्हाय की," मामा म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, हसतच बोलला आणि परत ढवळायला लागला. मला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या जन्माच्या आधीपासून हा माणूस आमच्याकडं येत होता. मला कडेवर घेऊन काकवी चाटवलेली त्यानं.

बाई गेल्यावर, दिवस मावळायच्या आत, आम्ही जेवायला बसलो. आप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "पुस्तकात त्येचं नाव घालणार म्हणं?"

"व्हय."

"आणि बाजारात कळलं म्हंजे? व्यापारी हसतील. पाटलांचा गूळ म्हणत्यात आजवर. ऊस माझा, काहील माझी, इंजिन माझं, आणि नाव मलकापूरवाल्याचं? माझ्याच पोरीच्या पुस्तकात?"

"आप्पा, नाव नाही घातलं तर बाई सही करणार नाहीत. आणि सही सोडा, ते खरं आहे."

"मग ऱ्हाऊ दे सही. म्होरलं शिकणं बी ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात अक्का, जी आप्पांपुढं कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, भाकरी थापता थापता म्हणाली, "तसं असंल तर त्येनं गोळी वाजवली की तुम्ही गप का उभं ऱ्हातासा? तुम्हीच सांगा की, पाक आला म्हणून."

आप्पांनी ताटावर हात धुतला आणि उठून गेले. अर्धी भाकरी तशीच राहिली, आणि सूर्य गेल्यामुळं ती परत खाताही येईना. त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आज मला त्यांचं वागणं कळतं. आयुष्यात त्यांच्या वाट्याला एकच कौतुक आलेलं होतं, बाजारातलं, आणि लेक त्यातला वाटा दुसऱ्याला द्यायला निघाली होती. तेव्हा मात्र मला नुसता राग यायचा आणि सांगलीचं स्थळ डोळ्यांपुढं यायचं.

तरी मी लिहिलं. गावी जायची ओळ काढून टाकली आणि त्या जागी लिहिलं की हंगाम संपला तरी तो कुठंच जात नसे, जाण्यासाठी त्याला कुठलंही ठिकाण ठेवलेलं नव्हतं. माझी पोटतिडकी सगळी छाटली. आणि गोळीच्या वर्णनाखाली तळटीप दिली: 'पाक ओळखण्याची ही माहिती दौलू भैरू पोवार, गुळवे, यांनी प्रत्यक्ष काम करून दाखवली. लेखिकेच्या घरच्या गुऱ्हाळातला गूळ त्यांच्या हातचा आहे.' दुसरं वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलं. बाईंनी वाचलं, सही केली आणि म्हणाल्या, "आता जरा बरं झालंय." ह्याच्यावरचं कौतुक बाईंच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. मी ते वाक्य आजही पुरवून पुरवून वापरते.

तोंडी परीक्षेची गंमत नंतरची, पण इथंच सांगून टाकते. बाहेरगावाहून आलेले परीक्षक तळटिपा चाळत म्हणाले, "हे पोवार सर कोणत्या विद्यापीठाचे? यांचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही." बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी म्हणाले, "सर, ते आमच्या गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभे असतात." ते प्रबंध मिटून म्हणाले, "तो आवाज कसा असतो, सांगा बघू." मी बोटाच्या पेरानं टेबलावर मारून दाखवलं. त्यांनी आणखी काहीच विचारलं नाही.

पण त्याच्या आधी, प्रबंध बांधून मिळाला त्या दिवशी, मी एक प्रत घेऊन घरी आले. निळं कापडी बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. हंगामाचा शेवट आला होता, मामा दोन दिवसांत जाणार होता. इंजिन धडधडत होतं, चरकाशेजारी ऊस अजून कमरेएवढा पडलेला होता, आणि आप्पा पाठमोरे उभे राहून चरकात मोळ्या सारत होते. मी सरळ काहिलीपाशी गेले आणि प्रत मामाच्या पुढं धरली.

त्यानं हात धोतराला पुसले. दोनदा पुसले. प्रत घेतली, वजन बघितलं, आणि मग बोटाच्या पेरानं पुठ्ठ्यावर एकदा 'टक्' करून कान जवळ नेला. "आलाय पाक," म्हणाला आणि तोंडभर हसला. मग म्हणाला, "माझं नाव कुठंशी हाय?"

मी पान काढलं, बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं त्या ओळीकडं दिसत्या डोळ्यानं निरखून बघितलं. "वाच की."

मी वाचलं.

"काय ऐकू येईना. जोरानं वाच, पद्माक्का."

मी ओरडून वाचलं. मामानं कानामागं हात धरला, नकारार्थी मान हलवली. ज्या माणसाला गोळीचा आवाज ऐकू यायचा, त्याला माझा आवाज ऐकू येईना. आज मला वाटतं, त्याला आलेला असणार. त्याला ते आणखी कुणालातरी ऐकवायचं होतं. मी तिसऱ्यांदा छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात काहीतरी झालं. काय झालं ते आधी कळेचना. पायाखालची जमीन हलायची थांबली. काहिलीतल्या रसाचं बुडबुडणं ऐकू यायला लागलं, मग लिंबावरचे कावळे, मग अक्काच्या बांगड्या. शेजारपाजारचे लोक घराबाहेर धावत आले, कारण दिवसाउजेडी आमचं इंजिन बंद पडलं म्हणजे चरकात कुणाचातरी हात गेला, असंच कुणालाही वाटलं असतं.

आप्पा इंजिनाजवळ उभे होते. चरकाशेजारी ऊस तसाच पडलेला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आता वाच," म्हणाले. "पयल्यापास्नं. आणि म्होरलं बी असंच वाचत जा, कोल्हापुरात ऱ्हाऊन. सांगलीवाल्यांना मी सांगतो काय सांगायचं ते."

मामा प्रत माझ्या हातात देऊन दोन पावलं मागं सरला आणि सगळ्यांसमोर ताठ उभा राहिला.

"दौलू भैरू पोवार," मी वाचलं.

"व्हय," मामा म्हणाला.